वाळूखालचे शब्द

गुरुवारी दुपारी सिरिल चहाचा मग टेबलावर ठेवत म्हणाले, "झालं बघ रविवारचं काम. सगळ्या खुणा नव्यानं रोवून आलो."

ब्रायनीनं मान डोलावली आणि सहज खिडकीबाहेर पाहिलं. मागच्या अंगणातलं लॉरेलचं कुंपण जसंच्या तसं होतं. एक फांदी कुठे तोडलेली नव्हती. कुंपण छाटायची मोठी कात्री शेडच्या दाराला लटकत होती आणि तिच्या दोन पात्यांमध्ये कोळ्यानं जाळं विणलेलं होतं, ते उन्हात चमकत होतं.

खुणांच्या फांद्या नेहमी याच कुंपणाच्या तोडल्या जात. तिनं सासऱ्यांच्या पुढ्यात बिस्किटांचा डबा सरकवला आणि म्हणाली, "नदी कुठे आहे आता?"

"जिथे असायला पाहिजे तिथेच," सिरिल म्हणाले. "काळ्या खांबापासून पन्नास पावलं."

केल्डविक या किनाऱ्यावरच्या गावात सिरिलना न ओळखणारं माणूस नव्हतं. ओहोटी लागली की गावासमोरचा उपसागर आठ मैलांपर्यंत उघडा पडतो. वरून बघावं तर नुसती सपाट वाळू, लहान पोरानं सायकल फिरवावी अशी. पण मधून केंट नदी वाहते, आणि ती कुणाचं ऐकत नाही. आज इथे, तर एका वादळानंतर मैलभर पलीकडे. जुनं पात्र सोडून जाते तिथली वाळू महिनोन्‌महिने कच्ची राहते. गेली शेहेचाळीस वर्षं उन्हाळ्यातले रविवार आले की सिरिल शे-दीडशे माणसं या काठावरून त्या काठावर चालवत नेत. आदल्या आठवड्यात काठीनं टोचत टोचत वाट शोधायची, आणि त्या वाटेवर लॉरेलच्या फांद्या रोवायच्या. लॉरेलच का, तर खाऱ्या पाण्यात महिनाभर बुडून निघाली तरी तिची पानं गळत नाहीत, लांबून दिसतात. या फांद्यांना इथे ब्रॉब म्हणतात. नदी हलली की जुने ब्रॉब उपटायचे, नवे रोवायचे. ज्यानं रोवले त्यानंच उपटायचे, दुसऱ्यानं हात लावायचा नाही, हा नियम सिरिलच्या आजोबांच्याही आधीचा.

मागच्या आठवड्यात दोन दिवस वारा नुसता थैमान घालत होता. नदी हललेली असणारच.

रविवारी दीडशे माणसं यायची होती, शुश्रूषागृहातल्या आजाऱ्यांसाठी पैसे गोळा करायला. आणि त्या दीडशेत एक मेबल होती. ब्रायनीची मुलगी, नुकती पाच वर्षांची झालेली. "पाच वर्षांची झालीस की मी तुला नेईन," असा सिरिलनी नातीला शब्द दिला होता. मेबलनं आपले पिवळे गमबूट तीन दिवसांपासून पलंगाशेजारी लावून ठेवले होते.

त्या वर्षी ब्रायनीला आणखी एक काम मिळालं होतं. गावच्या समितीला काठावर एक फलक लावायचा होता: उपसागराचे धोके, इथल्याच शब्दांत. ती कॉलेजात इंग्रजी शिकलेली, शिवाय घरात सिरिल. काम तिच्याकडे आपसूक आलं. समितीच्या बाईंनी एवढंच बजावलं होतं, "शब्द जरा हसरे ठेव हं. लोक आइस्क्रीम खायला येतात इथे, घाबरायला नाही."

म्हणून ती रोज संध्याकाळी वही घेऊन सिरिलसमोर बसायची. तिला मनापासून आवडायला लागलं होतं ते. छुप्या धोक्यांसाठी इंग्रजीत शब्दांचा तोटा नाही. पिटफॉल म्हणजे मुळात वर फांद्या आणि पाला पसरून झाकलेला खड्डा, जनावर पडावं म्हणून खणलेला. स्नॅग म्हणजे बुंध्यावर उरलेलं फांदीचं टोक, पाण्याखाली दडलेलं, होडीचं पोट फाडणारं. आता हे शब्द कचेऱ्यांच्या बैठकांमध्ये वापरतात आणि कुणाचा तळपायही ओला होत नाही. सिरिलचे शब्द अजून ओले होते.

"ब्रॅक लिही," ते सांगायचे. "नदीनं काठ आतून खाल्लेला असतो. वरून दगडासारखा. तू ऐटीत जाऊन उभी राहिलीस की काठासकट खाली."

"आणि मेलग्रेव्ह?"

"खड्डा. पुरुषभर खोल. पण वर पाणी असं शांत, की पोरांना वाटतं डबकं आहे, मारू उडी."

"आणि क्विकसँड?"

"ते पुस्तकातलं नाव. पण वाईट नाही. पूर्वी क्विक म्हणजे जिवंत. जिवंत वाळू. ती निजलेली असते, पोरी. पाय आपटून उठवायची नाही."

शब्द एकेक बरोबर होता. पण प्रत्येक शब्दाबरोबर ते जागा सांगत, आणि गेल्या दोन आठवड्यांत त्या जागांमध्ये हा काळा खांब यायला लागला होता. ब्रायनीला लग्न होऊन सात वर्षं झाली होती. वरच्या खोलीतून दुर्बिणीनं तिनं सगळा उपसागर पाठ केला होता. मूल झाल्यापासून तर ती खिडकीशी उभी राहून पाणी कुठवर आलं ते मोजतच असायची. काळा खांब तिनं कधी पाहिला नव्हता.

त्या रात्री भांडी पुसता पुसता तिनं नवऱ्याला विचारलं. डंकन गोदीत वेल्डर होता आणि रविवारी वडिलांच्या मागून ट्रॅक्टर न्यायचा.

"काळा खांब?" डंकन हसला. "अगं, तो मी शाळेत असताना वाहून गेला. का?"

"सिरिल म्हणतात नदी त्याच्यापासून पन्नास पावलांवर आहे."

"डॅड जुन्या गोष्टी सांगत असतील. तूच खोदून खोदून विचारतेस ना, वही घेऊन."

"आज फांद्या रोवल्या म्हणाले. कुंपणाची एक फांदी तुटलेली नाही, डंकन."

"दुसऱ्या कुणाच्या कुंपणाची तोडली असेल."

"शेहेचाळीस वर्षांत कधी तोडलीय?"

डंकननं हातातला कपडा खुर्चीवर टाकला. "हे बघ, ब्रायनी. मेबलला साधी शिंक आली तरी तू डॉक्टरला फोन लावतेस. मागच्या महिन्यात तुला वाटलं, छपरावरची चिमणी कलली. गवंडी येऊन हसून गेला. आता डॅडची पाळी का?"

"चिमणीखाली दीडशे माणसं चालणार नव्हती."

"मग करू का फोन? सांगू का आयोजकांना, माझ्या बायकोला कुंपण बरं दिसत नाहीये? एक फोन, आणि डॅडची सगळी वर्षं संपली. मग ते त्या खुर्चीत बसून टीव्ही बघत मरतील. तू सांग, मी करतो."

 चिमणीबद्दल ती खरंच चुकली होती. तेच तर अवघड होतं: दहा वेळा उगीच घाबरलेल्या माणसाची अकरावी भीती कोण मानणार? स्वतः तिलाच ती नीट मानता येत नव्हती.

शुक्रवार तिनं कसाबसा काढला. शनिवारी सकाळी मेबलला डंकनकडे ठेवलं आणि सासऱ्यांना म्हणाली, "आज मला न्या तुमच्याबरोबर. फलकासाठी एकदा डोळ्यांनी बघायचंय."

सिरिल खूश झाले. "चल की! बूट नकोत. जुनी चप्पलही नको. अनवाणी. वाळू पायानं वाचायची असते."

ओहोटी पूर्ण होती. भरती परतायला अडीच तास. ते ब्रायनीनं तक्त्यात तीनदा पाहिलं होतं. सिरिल पुढे, काठी हातात, पाठ ताठ. अठ्ठ्याहत्तरीतला माणूस, पण वाळूवर पाय पडला की वीस वर्षं गळून पडल्यासारखा चालायचा. वाटेत दोनदा थांबले, काठी टोचली, वळसा घेतला. एकदा तिला म्हणाले, "थांब. ते चकाकतंय ना, त्याच्या डावीकडून." बरोबर डावीकडची वाळू टणक होती. ब्रायनीच्या छातीवरचा दगड हलका झाला. तिला वाटलं, डंकनचंच खरं. मी वेडी.

मग ब्रॉबची रांग आली.

लांबून ती हिरवी दिसत होती. जवळ गेल्यावर ब्रायनीनं पान हातात घेतलं. ते करपलेलं होतं, चामड्यासारखं, आणि जे हिरवं दिसत होतं ते शेवाळं होतं. फांदीच्या बुडाशी समुद्री गवताचा गुंता बसलेला. या फांद्या जूनमध्ये रोवलेल्या होत्या. त्याला महिन्याच्या वर काळ लोटला होता.

"सिरिल, या कधीच्या?"

"परवाच्या. गुरुवारच्या."

"ही पानं बघा."

त्यांनी पाहिलं. चेहऱ्यावरून काहीतरी सरकलं, ढगाची सावली शेतावरून जावी तसं. मग ते चिडले. "मला पानं दाखवतेस? लीड्सच्या कॉलेजात शिकवतात वाटतं हे? रांग सरळ आहे, पुढे नदी आहे, कंबरेएवढं पाणी. दाखवतो तुला."

"सिरिल, नदी तिकडे आहे. दिसतेय ना. अर्धा मैल तिकडे."

पण ते निघाले होते. खुणांच्या रांगेतून, आपल्याच खुणांवर विश्वास ठेवून, काठी न टोचता. शेवटच्या दोन फांद्यांच्या मध्ये त्यांचा उजवा पाय गेला. मग डावा. क्षणभर ते उभेच्या उभे बुटके झाल्यासारखे दिसले. मांडीपर्यंत.

ब्रायनी धावली.

"जागच्या जागी!" सिरिल गरजले. तो आवाज तिनं घरात कधी ऐकला नव्हता. दीडशे माणसं थांबवणारा आवाज. "दोघं अडकलो तर सांगायला कोण जाईल? झोप. पोटावर. हातपाय पसर. हां. आता पालीसारखी ये."

ती आली. थंड पाणी पोटाखाली शिरलं. चेहऱ्यासमोर वाळू अशी थरथरत होती, जणू कुणाची कातडी.

"घाबरलीस?"

"हो."

"शहाणी आहेस. ती पडलेली काठी उचल, आडवी ठेव माझ्यासमोर. ओढायचं नाही. ओढलंस की ती ओढते. मी मागे रेलतो. एक पाय हळूहळू हलवतो, पाणी आत गेलं की सोडेल. वेळ लागतो. तोवर गाणं म्हण नाहीतर शिव्या दे."

पंचवीस मिनिटं लागली. तिनं घड्याळ पाहिलं नाही, पाण्याची रेघ पाहत राहिली. सिरिल बाहेर आले तेव्हा कंबरेपासून खाली नुसता राखाडी चिखल होता, आणि त्यांचे ओठ निळे पडले होते. दोघं टणक वाळूवर बसून धापा टाकत राहिली.

दम सावरल्यावर ते म्हणाले, "मी परवा आलो होतो. खांदाभर फांद्या घेऊन आलो होतो, मला आठवतंय." मग थांबले. "आठवतंय म्हणजे... दिसतंय डोळ्यांसमोर. पण माझ्याबरोबर इव्हलिन होती."

इव्हलिन म्हणजे त्यांची बायको. तिला जाऊन सहा वर्षं झाली होती.

"घरी सांगू नकोस, पोरी," सिरिल म्हणाले. "एवढा एक रविवार. मेबलला शब्द दिलाय. मग मीच सांगेन सगळ्यांना."

ब्रायनी हातांवरचा चिखल पुसत राहिली. तोच होकार समजून त्यांनी तिच्या खांद्यावर थोपटलं.

संध्याकाळी डंकनची बहीण जनीन आली होती. ती पलीकडच्या गल्लीत राहायची आणि शनिवारी मासे-बटाट्याची पुडकी घेऊन यायची. सगळे टेबलाशी बसले. ब्रायनीनं ठरवलं होतं की जेवण झाल्यावर सांगायचं. पण तिच्या आधी सिरिलच बोलले.

"आज तुझी वहिनी वाचली बरं का, जनीन," ते बटाट्यावर व्हिनेगर शिंपडत म्हणाले. "मांडीपर्यंत गेली होती. मी पोटावर पडून काढली. काठी दिली, म्हटलं, ओढू नकोस, रेल मागे. गुणी पोर. ओरडली नाही."

ब्रायनीच्या हातातला काटा तसाच राहिला. तिनं त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. तिथे खोटेपणा नव्हता. तिथे काही म्हणजे काहीच नव्हतं, फक्त एका चांगल्या कामाचं समाधान.

"बाई गं!" जनीन म्हणाली. "शहरातल्या माणसानं वाळूवर जावं कशाला? तरी नशीब, डॅड होते."

डंकन पांढराफटक पडला होता. "तू मला सांगितलं नाहीस? पाच वर्षांच्या पोरीची आई आहेस आणि..."

"मी नव्हते," ब्रायनी म्हणाली. "ते रुतले होते."

 मग जनीन हसली, जरा ओशाळी. "असू दे ना गं. लाज कसली त्यात? माझाही पाय गेला होता लहानपणी."

"त्यांची पँट बाहेर दोरीवर आहे. कंबरेपर्यंत चिखल आहे तिला. माझी बघ, पुढूनच भरलीय, मागून कोरडी."

"पुरे," डंकन म्हणाला. "पुरे झालं, ब्रायनी. म्हाताऱ्या माणसाचे कपडे काय दाखवतेस? उद्या दीडशे माणसं येणार आहेत, त्यांनाही दाखव जाऊन ती पँट."

तिला रडू यायला लागलं होतं, पण रडून चालणार नव्हतं. रडली तर ती पुन्हा चिमणीवाली ठरणार. टेबलाखाली मेबलचा पाय तिच्या पोटरीला लागत होता, झोपाळ्यासारखा मागेपुढे. पोरगी बटाट्याला सॉस लावण्यात दंग होती. ब्रायनी सासऱ्यांकडे वळली आणि अगदी साध्या आवाजात विचारलं,

"सिरिल, उद्याची वाट सांगा ना. डंकनला ट्रॅक्टर न्यायचाय. पहिल्यापासून सांगा."

सिरिल खुलले. काटा बाजूला ठेवला. टेबलावरचं मीठ, व्हिनेगरची बाटली, सगळं मांडायला घेतलं. "हा आपला काठ. इथून सरळ बगळ्यांच्या खडकाकडे. तिथे ब्रॅक आहे डाव्या अंगाला, पोरांना हाताशी धरायचं. मग चिमटीएवढी मऊ वाळू, तिला वळसा. नंतर काळा खांब. खांबावर मी लाल चिंधी बांधलीय, दिसेल तुला. तिथे शिटी वाजवतो, सगळ्यांना आडवं एका रांगेत उभं करतो, एकामागोमाग नाही, नाहीतर पहिल्याच्या पायानं जागी झालेली वाळू शेवटच्याला गिळते. आणि मग नदी. ट्रॅक्टर तू खांबाच्या खालच्या अंगाला ठेव. मागच्या वेळी फर्गसननं वरच्या अंगाला ठेवला होता, मी त्याला झापला."

सगळं चोख होतं. एक शब्द इकडचा तिकडे नाही. ऐकता ऐकता डंकनच्या चेहऱ्यावरचा राग विरघळत गेला आणि त्याखालून दुसरंच काहीतरी वर आलं. फर्गसन हा डंकनचा काका. त्याच्या प्रेताला डंकननं वयाच्या चौदाव्या वर्षी खांदा दिला होता.

"डॅड," डंकन हळूच म्हणाला, "लाल चिंधी कधी बांधलीत?"

"काल."

जनीननं हातातलं पुडकं खाली ठेवलं.  मग डंकन उठला, पॅसेजमध्ये गेला, आणि फोनवर त्याचा आवाज ऐकू आला: "हो, उद्याचं. नाही, वादळ नाही. एक अडचण आलीय."

सिरिल मेबलला म्हणत होते, "झोप लवकर. उद्या चालायचंय आपल्याला."

रविवार लख्ख उजाडला. निरोप सगळ्यांना पोचले नव्हते. दहा वाजता काठावर वीसेक माणसं जमली, शुश्रूषागृहाचे पिवळे सदरे घालून, कुत्री, पोरं, पाठीवर पिशव्या. डंकन माफी मागत फिरत होता. ब्रायनी सगळ्यांची तोंडं न्याहाळत उभी होती. एक लालबुंद माणूस, दोन मुलांचा बाप, समोर हात करून म्हणाला, "अहो, पण खुणा तर स्पष्ट दिसतायत! वाट तर आखून ठेवलीय. आमचे आम्ही जातो की. किती वेळ लागतो?"

ब्रायनीनं त्याच्या बोटाकडे पाहिलं. लांब वाळूवर ठिपक्यांची सरळ रांग. सिरिलचं नाव उपसागरात इतकं मोठं होतं, की त्यांची फांदी दिसली की माणूस डोळे मिटून पाय टाकणार. आज हा. उद्या आणखी कुणी. फोन करून चालणं थांबवता आलं होतं. खुणा अजून बोलावतच होत्या.

"तुम्ही गेलात तर ती दोन पोरं परत येणार नाहीत," ती म्हणाली. आवाज चढला होता, लोक वळून पाहायला लागले. "त्या खुणा खोट्या आहेत."

"खोट्या? सिरिलच्या?"

"हो. सिरिलच्या."

गावातल्या कुणीतरी मागून म्हटलं, "काय बोलते ही बाई!" तिनं मागे पाहिलं नाही. डंकनला म्हणाली, "ट्रॅक्टर काढ. उपटून टाकायच्या. आत्ता."

"डॅडच्या खुणा? मी?"

"मग मी जाते."

तो आला. मेबल जनीनकडे होती, सिरिल वरच्या खोलीत झोपलेले. दोघांनी बगळ्यांच्या खडकापाशी ट्रॅक्टर थांबवला आणि पुढे काठी टोचत चालत गेली, एकमेकांच्या कमरेला दोर बांधून. पहिली फांदी डंकननं धरली आणि धरूनच राहिला. ब्रायनीनं त्याच्या हातावर हात ठेवला. मग दोघांनी मिळून ती उपसली. वाळूनं चुटकन आवाज केला आणि भोक मिटलं. दुसरी. तिसरी. डंकनची मान खाली होती. तो रडतोय की वाऱ्यानं डोळ्यांत पाणी आलंय, हे तिनं पाहिलं नाही.

नवव्या फांदीपाशी तिनं सवयीनं काठाकडे नजर टाकली. वाळूवरून एक माणूस त्यांच्याकडे येत होता. पाठ ताठ, हातात काठी.

"डंकन."

"बघितलं. हलू नकोस. हाकही मारू नकोस, बिचकतील."

ते येत राहिले. चकाकत्या जागेपाशी थांबले, टोचलं, डावीकडून वळसा घेतला. खडकापाशी पुन्हा थांबले. पाय बरोबर पडत होते, एकेक. जवळ आले तेव्हा त्यांचा चेहरा रागानं काळवंडला होता.

"माझ्या खुणा कुणाला विचारून काढताय? माणसं बुडतील उद्या! अक्कल आहे का?"

डंकननं तोंड फिरवलं. मग सांगायचं काम ब्रायनीकडेच आलं. तिला फलकासाठी शब्द शोधायला सांगितले होते. या क्षणासाठी कुणाकडेच शब्द नव्हता.

"सिरिल, नदी गेलीय इथून," ती म्हणाली. "वादळात गेली. तुम्ही नव्या खुणा रोवल्या नाहीत. काल तुम्ही इथे रुतलात, इथेच, आणि घरी जाऊन विसरलात. तुम्हाला आता काही गोष्टी आठवत नाहीत. म्हणून मी काढतेय."

उपटलेल्या फांद्यांची पानं वाऱ्यावर फडफडत होती. सिरिल तिच्याकडे बघत राहिले, मग तिच्या हातातल्या करपलेल्या पानांकडे, मग लांब, जिथे खरंच नदी चकाकत होती तिकडे.

"किती राहिल्या?" त्यांनी विचारलं.

"अकरा."

"ज्यानं रोवल्या त्यानं काढायच्या. सरका."

डंकननं तिच्याकडे पाहिलं. तिनं क्षणभर विचार केला, मग आपल्या कमरेचा दोर सोडून सासऱ्यांच्या कमरेला बांधला, घट्ट, दोन गाठी. सिरिलनी हात वर धरले. दोघं दोन बाजूंना राहिली. एकेका फांदीपाशी ते आधी काठीनं पाहत, मग वाकून हळूच उपसत, मुळा काढावा तशी. शेवटच्या दोन फांद्या मऊ वाळूत होत्या. त्या त्यांनी लांबून दोराचा फास टाकून ओढल्या. त्या ठिकाणी कालच्या त्यांच्या शरीराचा खड्डा कुठेच उरला नव्हता. वाळू गुळगुळीत होती, कोऱ्या कागदासारखी.

काम संपलं. भरतीची रेघ क्षितिजावर पांढरी व्हायला लागली होती. सिरिलनी फांद्यांची मोळी डंकनच्या खांद्यावर दिली, हात झटकले आणि चालायला लागले. पलीकडच्या काठाकडे. नेहमी तिकडेच तर वाट संपायची; तिकडे चहा मिळायचा, लोक टाळ्या वाजवायचे, मग गाडीनं घरी. समोर नदी होती, आणि तिच्यामागून समुद्र येत होता.

दोर ताणला गेला. ब्रायनी पुढे झाली आणि त्यांचा हात धरला.

"सिरिल, आज इकडून. मागे वळायचं."

या वाळूवर त्यांना आजवर कुणी वाट सांगितली नव्हती. ती त्यांच्या ओरडण्याची वाट पाहत राहिली. तिला त्यांचं ओरडणंच हवं होतं.

त्यांनी दोन्ही काठांकडे आळीपाळीनं पाहिलं, जत्रेत हरवलेलं मूल पाहतं तसं.

"इकडून?" ते म्हणाले. "बरं. तू म्हणशील तसं."